नईमभाईंचं पिवळं फडकं

नईमभाई गेल्याची बातमी मला कुणी फोन करून सांगितली नाही. ती मीच सगळ्यांना सांगितली. आधी क्लबातल्या मंडळींना, मग त्यांच्या मेहुण्याला, आणि घरी आल्यावर बायकोला. प्रत्येक वेळी माझं वाक्य एकच होतं, "ओढ्यात गाडी घसरली, जागच्या जागी गेले." त्यातलं पहिलं अर्धं खरं होतं. त्यांचा चाळिसावा दिवस होऊन गेलाय, आता उरलेलं अर्धं लिहितोय.

शहागंजात त्यांचं गॅरेज होतं. दुकान कसलं, एक शटर, एक बाकडं आणि आत अंधारात टांगलेल्या क्लचच्या केबली. मी तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात नवा होतो, गाडी सारखी बंद पडायची म्हणून कुणीतरी त्यांचा पत्ता दिला. त्यांनी कार्बोरेटर उघडला, आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "गाडीला काय धाड नाय झाली. तुम्ही तिला दूधवाल्यावानी चालवता, विलासराव. एक दिन रानात न्या तिला." पुढच्या रविवारी त्यांची दोन गिऱ्हाइकं धरून आम्ही चौघं शहराबाहेरच्या सातारा डोंगराच्या मागं गेलो. रस्ता नव्हताच, बैलगाडीची चाकोरी, मग तीही संपली. मी सहा वेळा पडलो. परत आलो तेव्हा माझ्या अंगावर इतका मुरूम होता की बायकोनं दारातच अडवलं आणि म्हणाली, "हा कसला क्लब? मुरूम क्लब?" हेच नाव पुढं चिकटलं. नंतर आलेल्या पोरांनी टी-शर्टवर वाघबिघ छापून घेतले, पण खाली लिहिलेलं मुरूम क्लबच.

नियम केला तो दुसऱ्या वर्षी. आमच्यातला एकजण एका फाट्यावर चुकला आणि दिवसभर डोंगरात फिरत बसला. पुढच्यांना वाटलं तो मागं आहे, मागच्यांना वाटलं पुढं. संध्याकाळी सापडला तेव्हा ओठ फुटलेले, बोलता येईना. नईमभाई त्याला काही बोलले नाहीत, आम्हाला मात्र त्यांनी सोलून काढलं. पुढच्या रविवारी येताना भाभींच्या जुन्या ओढणीची एक पट्टी फाडून घेऊन आले, हळदीच्या रंगाची. ती आपल्या हँडलला बांधली आणि सांगितलं, "आजपासून शेवटचा मी. प्रत्येक फाट्यावर एकानं थांबायचं. हे पिवळं दिसेपर्यंत हलायचं नाय. पिवळं दिसलं म्हणजे मागं कुणी राह्यलं नाय."

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं आम्ही फाट्यांवर थांबत आलो. उन्हात, बाभळीच्या सावलीत, कधी शेतकऱ्याच्या शिव्या खात. चाराचे चाळीस झालो. माझ्या सगळ्या गाड्यांपेक्षा महाग गाड्या घेऊन लोक आले. त्यांच्या मोबाइलमध्ये नकाशे होते, ते हसायचे. नईमभाई मात्र त्याच जुन्या टू-स्ट्रोक गाडीवर, धूर सोडत, सगळ्यांत मागं. कुणाची चेन उतरली, कुणाचा लिव्हर तुटला, की ते थांबणारच. त्यामुळं पोचायला त्यांना नेहमी उशीर. कॅरिअरला पाच लिटरचा पाण्याचा कॅन, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. त्यातलं पाणी त्यांनी स्वतः प्यालेलं मला फारसं आठवत नाही... दुसऱ्यालाच पाजायचे.

त्या रविवारी आम्ही अकराजण होतो. जुन्या खदानीपाशी वाट फुटते, तिथं थांबायची पाळी माझी होती. ऊन चढलं होतं. आठजण गेले, मग बराच वेळ कुणी आलं नाही. मी घड्याळ बघत होतो, भूक लागली होती, हे कबूल करतो. मग दूर धुरळा दिसला आणि धुरळ्यात पिवळं. मी हात वर केला. समोरूनही हात वर झाला. मी गाडीला किक मारली आणि निघालो.

ढाब्यावर पोचलो. मागोमाग केदार आला. केदार चिकलठाण्याला इंजिनिअर आहे, क्लबात येऊन त्याला तीन महिने झाले होते. फडकं त्याच्या गाडीवर होतं. त्याचा पुढचा मडगार्ड तुटून चाकाला घासत होता, नईमभाईंनी स्वतःच्या हँडलचं फडकं सोडून तो बांधून दिला होता. "म्हणाले, तू चल, मैं आया पीछे से," केदार म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी हे ऐकलं. कुणीही उठलं नाही. नईमभाईंना उशीर व्हायचाच. कुणाचा ट्रॅक्टर बंद पडला असेल, बसले असतील खोलून. भजी आली. मी दोन प्लेट खाल्ल्या. हेही लिहिलंच पाहिजे. तिथं रेंज नव्हती, त्यामुळं फोन लागत नव्हता, आणि त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. परत फिरलो तोवर दीड तास उलटला होता.

खदानीच्या पलीकडं, सकाळी आलो त्याच वाटेवर, ओढ्याची दरड ढासळली होती. ते खाली होते, मांडीवर गाडी. अंग गरम होतं, पण उन्हात सगळंच गरम असतं. केदार रडायला लागला. मी त्याला तोंड बंद कर म्हणालो. त्याच्यावर ओरडण्याचा मला काही अधिकार नव्हता. मी तर जुना होतो. नईमभाईंची ठेवण, त्यांचं वाकून बसणं मला अर्ध्या मैलावरून ओळखता यायचं. त्या दिवशी मी गाडीवर कोण आहे हे बघितलंच नाही. फडकं बघितलं आणि सुटलो. कधीकधी त्यांचाही राग येतो. नियम तुमचा, फडकं तुमचं, मग सुतळी नव्हती का खिशात? मग तो राग ओसरतो आणि मी पुन्हा त्या फाट्यावर उभा असतो.

चाळिसाव्यानंतर दोन दिवसांनी मी फडकं द्यायला गेलो. भाभींची इद्दत, नवरा गेल्यावरचे पाळायचे महिने, चालू आहे, त्यामुळं त्या पडद्याआड होत्या. इतकी वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यालो त्यांचा फक्त आवाज. मेहुण्यानं फडकं आत दिलं. मग भाभी म्हणाल्या, "भाईजान, मय्यतीला घुसलची आंघोळ घालणाऱ्यांनी सांगितलं, नखांत लई मुरूम होता. जागच्या जागी गेलेल्या माणसाच्या नखांत मुरूम कसा?"

मी सांगितलं. फाटा, फडकं, भजीसुद्धा. मेहुणे जमिनीकडं बघत होते. शेवटी भाभींनी एवढंच विचारलं, "पाणी होतं का त्यांच्याजवळ?"

"होतं, भाभी."

"शुक्र है," त्या म्हणाल्या. "मला त्याचीच धास्ती होती." मग आतून माझ्यासाठी चहा आला, आणि मी तो प्यालो.

कॅन माझ्याकडं आहे. पंचनामा झाल्यावर मी तो उचलून आणला, कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय, गोणपाट वाळून कडक झालंय. बायको म्हणते ओता ते पाणी, शेवाळ धरेल. माझ्यानं ओतवत नाही. त्याचं बूच अजून कुणी उघडलेलं नाही.

भाभी, तुमच्याकडं हा पेपर येतो आणि मेहुणे तुम्हाला वाचून दाखवतात, हे मला माहीत आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा पडद्यासमोर बसून मला पुढचं बोलता आलं नाही. पाणी होतं. पडताना कॅरिअरचा पट्टा तुटला आणि कॅन चार हात लांब जाऊन पडला. त्यांच्या नखांतला मुरूम तिकडचाच आहे. बोटांच्या रेघा कॅनच्या दिशेनं गेल्या होत्या, आणि हातभर आधी थांबल्या होत्या.