मथुरेच्या पुस्तकाचा चौथा पाव

मी निघाले त्या दिवशी आई ड्युटीवर गेली. चाळीच्या तोंडाशी टॅक्सी उभी होती, बॅगा कॅरियरवर बांधून झाल्या होत्या, अख्खा मजला खाली उतरला होता, आणि माझी आई परळच्या हॉस्पिटलात आयाची साडी नेसून कुणाचं तरी बेडपॅन उचलत होती. सकाळी डबा भरताना मी म्हटलं होतं, "आई, आजच्या दिवस तरी रजा घे ना." तर म्हणाली, "तुला पोचवायला अर्धी चाळ आहे. वॉर्डात मी एकटीच आहे." मग पायात चपला सरकवता सरकवता दारातून एवढंच म्हणाली, "मथुरेला कोण आलं होतं गो पोचवायला?" आणि गेली. बाबा टॅक्सीत पुढे बसले. मी शीव येईपर्यंत रडत होते आणि मनातून आईवर धुमसतही होते.

गेल्या आठवड्यात चाळीच्या ग्रुपवर मी 'मथुरेचं पुस्तक सापडलं' एवढंच टाकलं, तर धडाधड मेसेज आले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. शेवट काय आहे? तो शेवट दोन ओळींत सांगण्यासारखा नाही, म्हणून हे लांबण लावते आहे. जे तिथंच राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, कुणी कल्याणला, कुणी पुण्याला, कुणी दुबईला, त्यांच्यासाठीही.

ज्यांना आपली चाळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. माझे बाबा गिरगावात, ठाकूरद्वारजवळच्या एका बाइंडरच्या दुकानात कामाला होते. वाचनालयांची फाटकी पुस्तकं तिथं नव्या पुठ्ठ्यात बसायला यायची. जी दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली असत ती मालक बाबांना नेऊ द्यायचा. चाळीत वाचणारे पुष्कळ आणि पुस्तक एक, म्हणून बाबांनी एक युक्ती काढली होती. जाड कादंबरी ते शिवणीतून उसवायचे, तिचे चार तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळा शिवून त्याला खाकी कागद लावायचे. त्या तुकड्यांना आम्ही पाव म्हणत असू. पहिला पाव, दुसरा पाव, तिसरा, चौथा. दर रविवारी विहारातली वंदना आटोपली की पाव या घरातून त्या घरात जात. पहिला पाव मिळायच्या आत दुसरा वाचावा लागलेली माणसं आमच्या चाळीत होती आणि त्यांचं काही बिघडलं नाही.

मथुरेचं पुस्तक असंच आलं. त्याला ना कव्हर ना नावाचं पान, म्हणून ते मथुरेचं पुस्तक. कोकणातली मथुरा, लहानपणीच लग्न झालेली, नवऱ्यानं टाकलेली, भावांच्या घरात राबणारी. दुसरा पाव नेमका "मथुरा म्हणाली," या दोन शब्दांवर संपायचा. मथुरा काय म्हणाली ते कळायला आईला आठ दिवस थांबावं लागलं. त्या आठ दिवसांत तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं नव्हतं असं बाबा सांगायचे.

आई चौथीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. मथुरेवर तिचा जीव होता, लेखकावर मात्र नव्हता. म्हणायची, "मथुरेच्या घरात लाकडं कोण फोडतं, अंगण कोण झाडतं, ते ह्या बाबानं कुठंच लिहिलेलं नाही. आपलं माणूस ह्याला दिसलंच नाही." मग थोडं थांबून, "पण पोरीची त्यात काय चूक?" तिसऱ्या पावाच्या शेवटी मथुरा पहाटे घर सोडते आणि मुंबईच्या बोटीवर चढते. आणि चौथा पाव आलाच नाही. दुकानात शिवायला ठेवला होता, तो हरवला, असं आम्हाला कळलं. बाबा कितीतरी दिवस दुकानातल्या कातरणांचे ढीग उपसत होते.

सगळी चाळ खोळंबली, तेव्हा आईनं शेवट सांगितला. बाबांनी पाव शिवण्याआधी आपण पुढची पानं चाळली होती, असं ती म्हणाली. गॅलरीत बायका तांदूळ निवडत बसलेल्या आणि आई सांगत होती. मथुरा मुंबईला उतरते. नर्सिंग शिकते. भाऊ न्यायला येतो तर त्याला चहा पाजून वाटेला लावते. दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकते. परत जात नाही. आम्ही मुलींनी तो शेवट इतक्यांदा ऐकला की मथुरा आमच्यातलीच कुणीतरी थोरली बहीण झाली. कुणाचं लग्न दहावीच्या आत ठरायला लागलं, की आई त्या घरी जाऊन बसायची आणि कुठून तरी मथुरेचा विषय काढायची. त्या गॅलरीतल्या दोघी पुढे शिक्षिका झाल्या, एक बँकेत लागली. मी नर्स झाले, आणि आई म्हणाली, "मुंबईत तर आपण आहोतच. तू पुढे जा."

पुढे म्हणजे हे इंग्लंडातलं लीड्स. इथं मी वृद्धांच्या वॉर्डात आहे, आता वॉर्डची मुख्य सिस्टर आहे, म्हणजे पेशंटपेक्षा ड्युट्यांचा रोटा आणि कॉम्प्युटर जास्त सांभाळते. नवरा वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करतो. मुलगी युनिव्हर्सिटीत गेली, आठवड्यातून एकदा इमोजी पाठवते. सगळं ठीक आहे. तक्रार करायला तोंड नाही, आणि खरं सांगू, तक्रार करायला अंगात जोरही नाही. आलो तेव्हा वाटायचं, पाचेक वर्षं काढू आणि परत जाऊ. मग मुलीची शाळा, मग घराचे हप्ते, मग पासपोर्ट. बाबा गेले तेव्हा मी पोचले, पण सगळं आटोपल्यावर. वॉर्डातल्या म्हाताऱ्या विचारतात, "घर कुठं गं तुझं?" मी मुंबई म्हणते. परळ सांगून त्यांना काय कळणार? आणि आता परळमधली ती चाळ तरी कुठे उरली आहे. तिच्या जागी टॉवर झाला. आई सतराव्या मजल्यावर एकटी राहते. घर नवंकोरं, संडास घरात, लिफ्ट आहे. पण ज्या बाईनं जन्मभर दार उघडं ठेवलं तिला म्हातारपणी दार लावून बसायला शिकावं लागलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडल्यापासून तिला वाचता येत नाही. जुन्या चाळीतल्या शांतामावशी दोन मजले खाली राहतात, त्या दर रविवारी वर येऊन तिला व्हिडिओ कॉल लावून देतात.

दर रविवारी मी विचारायची, "कशी आहेस?" ती म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" पाय घसरून पडली तेही मला शांतामावशींकडून कळलं. मी म्हटलं, "आई, मी येऊ का?" तर म्हणाली, "येऊन काय करशील? पाय तुझा आहे की माझा?" एवढ्या वर्षांत तिनं एकदाही 'ये' म्हटलं नाही. मी त्या एका शब्दाची वाट पाहत होते. ती म्हणाली असती तर काय केलं असतं मला माहीत नाही, पण ती म्हणतच नव्हती, आणि ते मला आतून खात होतं.

तर अशाच एका सुट्टीच्या दुपारी पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून पडले होते. मराठीत काहीही वाचावं म्हणून फोन चाळता चाळता एका साइटवर पोचले. जुनी मराठी पुस्तकं, पान न् पान स्कॅन करून ठेवलेली. लेखक जाऊन बरीच वर्षं झाली की पुस्तकावर कुणाचा हक्क राहत नाही, ते सगळ्यांचं होतं. पैसे नाहीत, मेंबरशिप नाही, कुणी विचारत नाही तू कोण. वैद्यकाची पुस्तकं, पाककृती, कुठल्या कुठल्या संस्थानांचे अहवाल, आणि ज्यांची नावंही आता कुणी घेत नाही अशा लेखकांच्या कादंबऱ्या. कुठे कसरीनं पाडलेली भोकं, कुठे स्कॅन करणाऱ्याचा अंगठा पानाच्या कोपऱ्यात उमटलेला. मला उगाचच भरून आलं. कुणीतरी कुठेतरी बसून, कुणी वाचेल न वाचेल याचा विचार न करता ही पानं उलटली होती.

मथुरेला मी पूर्वी पुष्कळदा शोधलं होतं, पण फोनवर मथुरा लिहिलं की वृंदावनच्या यात्रेच्या जाहिराती यायच्या. त्या दिवशी मी तिला शोधतही नव्हते. एक कादंबरी उघडली, भारदस्त काहीतरी नाव होतं, मधलीच पानं सरकवत होते, आणि एका पानाच्या तळाशी दोन शब्द आले. "मथुरा म्हणाली,". मी उठून बसले. पुढचं पान सरकवलं आणि ती तेच म्हणाली जे आईनं आठ दिवस थांबून वाचलं होतं.

मग मी थेट शेवटाकडे गेले. जायला नको होतं. पुस्तकातली मथुरा मुंबईला उतरते खरी. नर्सिंगही शिकायला लागते. पण तिची आई फार आजारी असल्याचा निरोप येतो आणि ती सगळं सोडून गावी परत जाते. आई दारात, तिला आता दिसत नाही, नुसत्या पावलांवरून ओळखते. मथुरा मग तिथंच राहते. आणि लेखक दोन पानं भरून तिची तारीफ करतो, की मुलगी असावी तर अशी.

फोन उशीखाली सरकवून मी नुसती पडून राहिले. ज्या शेवटाच्या जोरावर मी घराबाहेर पडले तो पुस्तकात नव्हताच. पानं चाळताना आईची वाचण्यात चूक झाली असावी, असं मी स्वतःला समजावलं. चौथी शिकलेली बाई, घाईत बघितलं असेल. आता या वयात तिला खरं कशाला सांगायचं?

पण पुस्तक सापडलं हे मी आईला सांगून बसले होते आणि ती हटूनच बसली. "वाच. सगळं वाच." मग दर रविवारी मी वाचायची आणि ती खुर्चीत डोळे मिटून ऐकायची, शेजारी फोन धरून शांतामावशी. तीन पाव झाले. चौथा आला तेव्हा मी ठरवलं होतं. मथुरा नर्सिंगला लागते तिथपर्यंत खरं वाचलं आणि मग, स्क्रीनवर डोळे ठेवून, आईचाच शेवट पुस्तकी भाषेत रचून वाचायला लागले. भाऊ आला. मथुरेने त्यास चहा दिला. मथुरा दृढ स्वराने म्हणाली...

"खोटं वाचू नको," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"असं नाही ते. तिला निरोप येतो. ती परत जाते."

शांतामावशींच्या हातातला फोन हलला, मला क्षणभर नुसता पंखा दिसला. मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"चौथा पाव हरवला नव्हता गो. तुझ्या बाबांनी शिवून घरी आणला होता. त्यांची आंघोळ होईपर्यंत मी तो आत लपवला. दोन दिवसांत वाचला आणि बंबात घातला. तुम्ही तो आणलाच नाहीत असं मी म्हटलं, आणि ते बिचारे दुकानात शोधत बसले."

"आई! पण का?"

"तू सातवीत होतीस. हाताला लागेल ते वाचायचीस. पोरगी कष्टानं बाहेर पडते आणि हा बाबा तिला ओढून परत चुलीपाशी बसवतो, वर शाबासकी देतो. मला नको होतं ते तुझ्या डोक्यात. कुणाच्याच पोरीच्या डोक्यात नको होतं."

शांतामावशी मागून म्हणाल्या, "अगं बाई, आणि आम्ही इतकी वर्षं..." त्यांची मुलगी म्हणजे ती बँकेतली.

मला रागही आला आणि हसूही आलं. पुस्तकाची पानं वाया जाऊ नयेत म्हणून खळ लावत बसणाऱ्या माणसाच्या घरात, त्याच्याच बायकोनं पुस्तक जाळलं होतं. माझ्यासाठी. आणि मग मला स्वतःपासून लांब घालवून इतकी वर्षं तोंडातून ब्र काढला नव्हता.

"आता वाच," आई म्हणाली. "जे छापलंय ते वाच."

मी वाचलं. निरोप, बोट, पायवाट. मथुरा अंगणात येते, आई भिंत धरून दारापर्यंत येते आणि विचारते, पावलं माझ्या मथुरेची ना? लेखकाच्या तारिफेची दोन पानंही वाचली. आईचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं झोप लागली.

मग म्हणाली, "शेवटची दोन पानं भिकार आहेत." थोड्या वेळानं म्हणाली, "पण त्याच्या आधीचं त्यानं बरं लिहिलंय गो. तेव्हा मी तरुण होते. मला उगाच राग आला."

ती पदरानं डोळे पुसत होती. डोळ्यांतून तसंही पाणी येतं तिच्या, ऑपरेशनपासून.

"परत वाच," ती म्हणाली. "ती अंगणात येते तिथून."

मी परत वाचलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. शांतामावशी फोन खुर्चीला टेकवून निघून गेल्या होत्या, मला आईची नुसती हनुवटी दिसत होती. घर म्हणजे काय, याचा इथं येऊन मी पुष्कळ विचार केला. मुलीची खोली असलेलं हे घर, की पाडून टाकलेली ती चाळ? आता मला एवढंच ठाऊक आहे, की सतराव्या मजल्यावर एक बाई पावलं ऐकत बसली आहे.

सोमवारी मी मॅनेजरकडे रजेचं बोलले. तिनं मान हलवली, कॉम्प्युटरवर रोटा उघडला आणि विचारलं, "परत कधी येणार ते सांग, तेवढं भरते." परतीच्या तारखेची ती जागा अजून रिकामी आहे.