परमुलखाची लढाई

माझा धाकटा भाऊ लढायला म्हणून घरातून निघाला नव्हता. तो कारखान्यात कामाला निघाला होता. हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलंय की आता सांगताना माझाच आवाज मला परका वाटतो. तरी पुन्हा सांगते, कारण गावात अजूनही लोक म्हणतात, "त्यो मिलिट्रीत गेला व्हता ना?"

आमचं गाव ताडकळसजवळ. सोयाबीन, तूर, थोडा कापूस, खाऊन-पिऊन सुखी म्हणावं असं घर. मी लग्न होऊन सोनपेठला गेले आणि तिथंच शाळेत भूगोल शिकवायला लागले. भाऊ माझ्याहून बराच लहान. त्यानं आयटीआय केलं, मग ड्रोन उडवायचं रीतसर शिक्षण घेतलं आणि परवाना घेऊन आला. पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांनी मिळून एक फवारणीचं ड्रोन आणलं होतं. ते चालवायचं काम त्याच्याकडं आलं.

ती दोन-तीन वर्षं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. पाठीवर पंप घेऊन ज्या रानाला दिवस जायचा, ते रान तो बांधावर उभा राहून चहा थंड व्हायच्या आत फवारून द्यायचा. माणसं कामं सोडून बघायला यायची. त्याला सगळे 'पायलट' म्हणायचे आणि ड्रोनला 'इमान', म्हणजे विमान. मी माहेरी गेले की मला बांधावर घेऊन जायचा आणि एकेक भाग उघडून दाखवायचा. ही मोटार, ही बॅटरी, हा मेंदू. मेंदू म्हणजे नखाएवढ्या चिपा बसवलेली एक हिरवी पाटी. हे इतकं बारीक काम जगात मोजक्याच ठिकाणी होतं, असं तो सांगायचा. असल्या गोष्टींत त्याला फार गोडी होती.

एका हंगामात ऐन फवारणीत ड्रोनच्या दोन मोटारी जळाल्या आणि ती हिरवी पाटीही गेली. भावानं पुण्याला फोन केले, हैदराबादला जाऊन आला. सामान नाही. मोटारी चीनमधून यायच्या. तिथून बाहेर जाणाऱ्या सामानावर त्यांनी बंधनं घातली होती. चिपांवर अमेरिकेनं बंधनं घातली होती. आपल्या सरकारनंही बाहेरचं ड्रोन आणायला बंदी केली होती आणि इथं बनणाऱ्या सुट्या भागांसाठी रांग होती. मी वर्गात नकाशावर जे देश दाखवायचे, त्या देशांची एकमेकांवरची खुन्नस आमच्या सोयाबीनपर्यंत येऊन पोचली होती.

"आक्का," तो म्हणाला, "दोन मोठे देश भांडायलेत आन् आपलं इमान खाली बसलंय. त्यांना ठावंबी न्हाई परभणी कुठं हाय ते."

तेव्हा आम्ही हसलो होतो.

ड्रोन गोदामात पडून राहिलं. लोकांनी परत पाठीवर पंप घेतले. पाराजवळून जाताना कुणीतरी हाक मारायचं, "काय पायलट, उतरलं का इमान?" तो हसून पुढं जायचा, पण घरी आला की ताटावर बसून नुसताच भाकरीचे तुकडे करत राहायचा. आबा म्हणजे आमचे वडील. ते म्हणायचे, "आरं, सामान येईल. न्हाई आलं तर रान हाय की." त्याला रानात राबायची लाज नव्हती. पण त्याला एक गोष्ट चांगली येत होती आणि तीच करायला मिळत नव्हती. हे आबांना कधी नीट उमगलं नाही.

मग फोनवर तो माणूस आला. कुठल्याशा व्हिडिओखाली भावानं आपला नंबर टाकला होता. माणूस हिंदीत बोलायचा, गोड बोलायचा. रशियात ड्रोन जोडायचा कारखाना आहे, हुशार पोरं हवीत, राहणं-खाणं त्यांच्याकडं. लढाईचा आणि कारखान्याचा काही संबंध नाही, हजारो कोस लांब आहे. मी सुट्टीला आले होते. मी शाळेतला नकाशा काढून त्याच्यापुढं पसरला.

"हे बघ, हितं लढाई चालू आहे. ज्या देशात लढाई, त्या देशात ड्रोनचा कारखाना कशासाठी असतो? फवारणीसाठी?"

"आक्का, मी काय बंदूक घेऊन उभा ऱ्हायलोय का? मोटारी बसवायच्या, वायरी जोडायच्या. वर्षभर शिकतो आन् येतो. आल्यावर आपल्या हितंच कारखाना टाकू. मग कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज न्हाई."

त्याचे डोळे कितीतरी महिन्यांनी चमकत होते. माय म्हणाली, "जाऊ दे त्याला. हितं बसून झुरायलाय." ती चुकली असं मी कधीच म्हणणार नाही. झुरतच होता तो. परभणीच्या स्टेशनावर तो आबांच्या पाया पडला, मायच्या पडला आणि माझ्या पडताना म्हणाला, "तुला तिकडचा नकाशा आणतो, मोठ्ठा."

सुरुवातीचे फोन बर्फाचे होते. खिडकीतून बर्फ दाखवायचा. माय पदर तोंडाला लावून बघत राहायची. तिथं उतरल्यावर त्याच्याकडून कसल्याशा कागदांवर सह्या घेतल्या होत्या. भाषा कुणालाच येत नव्हती. बरोबर हरियाणाचा एकजण होता, केरळचा एक, नेपाळचे काही. काही दिवसांनी त्यांना कारखान्याऐवजी एका तळावर नेलं. मग एक दिवस व्हिडिओत तो हिरव्या कपड्यांत दिसला.

"हे काय घातलंय?" मी विचारलं.

"सगळ्यांनाच देतेत. थंडी लय हाय ना."

माय शेजारी होती म्हणून तो तसं बोलला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला एकटीला शाळेत फोन लावला. मी वर्गातून बाहेर व्हरांड्यात आले.

"आक्का, मायला सांगू नको. कारखाना न्हाई हितं. आमाला फ्रंटच्या मागं आणलंय. त्या कागदावर फौजेत भरती लिहिलं व्हतं म्हनं. मी म्हनलं मला परत जायचंय. तर त्यो सायब हसला."

 आत पोरं नद्यांची नावं मोठ्यानं म्हणत होती.

त्याला पुढं खंदकात पाठवलं नव्हतं, ड्रोन दुरुस्तीला लावलं होतं. त्या एका गोष्टीला आम्ही धरून राहिलो. फोन तुटक यायचे, कधी नुसता आवाजाचा निरोप. एका निरोपात तो बराच वेळ बोलला होता. तिथली रानं आपल्यासारखीच काळी आहेत म्हणाला. ढेकूळ हातात घेतलं तर आपल्याच मातीसारखं वाटतं. पण रानात पीक नाही, सगळीकडं काचेचा बारीक धागा पडलाय, कोळ्याच्या जाळ्यासारखा. सिग्नल कुणाला अडवता येऊ नये म्हणून ड्रोनच्या मागं तो धागा सोडतात. ऊन पडलं की सगळं रान चमकतं. चालताना पायात गुरफटतो.

मग म्हणाला, "आक्का, काल त्यांच्याकडचं एक पडलेलं ड्रोन मी खोललं. आत तीच मोटार. आपल्या फवारणीच्या ड्रोनची हाय ना, तीच कंपनी, तोच शिक्का. आमच्याकडच्यातबी तीच. दोघायच्याबी पोटात एकच माल. आपल्याला हैदराबादपर्यंत हिंडून मिळाली न्हाई, आन् हितं चिखलात पडलेल्या मी रोज टोपलीनं गोळा करायलोय."

तो हे चिडून बोलला नव्हता. थकलेल्या माणसासारखा, सपाट आवाजात बोलला होता. मला त्या आवाजाची भीती वाटली.

मी जिथं जिथं जाता येईल तिथं गेले. कलेक्टर कचेरीत अर्ज दिला, दिल्लीला वकिलातीकडं अर्ज पाठवला, खासदारांच्या माणसांना भेटले. कुणी हाकलून दिलं नाही, हे खरं सांगायला हवं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं. एका साहेबांनी तर स्वतः उठून दारापर्यंत येऊन सांगितलं, "ताई, आम्ही वर कळवलंय. वरचे त्यांच्याशी बोलतायत. पण त्यांच्यात आणि बाकीच्या देशांत काय चाललंय, तुम्ही बघताच." मी बघतच होते. रोज टीव्हीवर त्याच देशांचे पुढारी गोल टेबलाभोवती बसलेले दिसायचे. एकानं नवं क्षेपणास्त्र दाखवलं की दुसरा त्याहून लांब जाणारं दाखवायचा. हे एकमेकांचंच ऐकत नाहीत, तर आमचं कोण ऐकणार, असा विचार मनात यायचा, मग मी टीव्ही बंद करायचे. गोदावरीच्या पलीकडं पाऊस झाला की नाही हे ज्या बातम्यांत सांगायचे, त्यात आता माझा भाऊ कुठंतरी नकाशावरच्या एका बाणाच्या टोकाखाली असायचा.

मग फोन थांबले.

आधी वाटलं नेटवर्क नसेल. मग वाटलं फोन काढून घेतला असेल. माय रोज फोन चार्ज करून उशाशी ठेवायची आणि दिवसा ओट्यावर घेऊन बसायची. कुणाचाही फोन आला की लगेच कापायची, लाईन मोकळी राहावी म्हणून.

शेवटी फोन आला तो हरियाणाच्या पोराचा. तो पाय गमावून दिल्लीच्या एका दवाखान्यात येऊन पडला होता. त्यानं माझा नंबर भावाकडून पाठ करून घेतला होता. हिंदीत, मध्येमध्ये थांबत, त्यानं सांगितलं. सुटे भाग कमी पडत होते, म्हणून दुरुस्तीवाल्यांनाच रानात पाठवायला लागले होते, पडलेली ड्रोन गोळा करायला. धुकं असलं की जायचं, धुकं विरायच्या आत यायचं. त्या दिवशी धुकं लवकर विरलं. भाऊ पाठीवरचं पोतं टाकून देत नव्हता. हा ओरडला, टाक आणि पळ. तेवढ्यात वरून घरघर आली.

"दीदी, उसने ऊपर देखा," तो म्हणाला. "भागा नहीं. बस ऊपर देखा."

मी त्याला विचारलं, त्याला आणलं का कुणी? तो रडायला लागला. त्या रानात परत कुणी जाऊ शकलं नाही.

आबांना मी सांगितलं. ते उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बराच वेळ आले नाहीत. मी गोठ्यात गेले तर ते रिकामी बादली हातात धरून नुसते उभे होते. मायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या पोरानं वळखण्यात चूक केली आसंल. धुकं व्हतं म्हनतोय ना."

कागदावर माझा भाऊ बेपत्ता आहे. मेलेला नाही. आबांचं आणि मायचं रक्त परभणीच्या दवाखान्यात घेतलं, कधी काही सापडलं तर जुळवून बघायला. सुई टोचताना मायनं नर्सला विचारलं, "ह्यानं त्यो लवकर येईल का?"  

भावकीतले लोक बसले. देह नसेल तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, तसं करून मोकळं व्हावं असं जाणत्यांचं मत पडलं. आबा तयार झाले. दर्भ आणला, भटजी आले. मायनं ओसरीवर येऊन दर्भाची जुडी उचलली आणि गोठ्यात नेऊन टाकली.  भटजी चहा घेऊन गेले. तेव्हापासून घरात ना सुतक धरलं गेलं, ना फिटलं. सणाला पुरण शिजत नाही आणि वर्षश्राद्धही होत नाही. माय घरातल्या माणसांशी बोलेनाशी झाली. काम सगळं करते, बोलत नाही.

पुढची गोष्ट मला लिहायची नव्हती. मागच्या उन्हाळ्यात मी माहेरी असताना शेजारच्या गावचा एक पोरगा आला. डिप्लोमा झालेला, अंगात स्वच्छ शर्ट. मला वाटलं सांत्वनाला आलाय. बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावाला ज्यानं पाठवलं, त्याचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

मी त्याला सगळं सांगितलं. जे वर लिहिलंय ते सगळं, धुक्यासकट. तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "त्यांना नशिबानं साथ दिली न्हाई मॅडम. पन आता म्हनं खरंच कारखान्यात घेतेत. दुसऱ्या देशातबी घेतेत. सगळ्यांनाच पायजेत पोरं." मी त्याचा हात धरला. तो हळूच सोडवून घेऊन उठला. मी नंबर दिला नाही. त्याला तो दुसरीकडून मिळाला. पोळ्याच्या आधी तो गेला.

गेल्या महिन्यात त्या पोराची आई आमच्या घरी आली. डोक्यावरचा पदर सारखा सावरत ओट्याच्या कडेला बसली.  माय फोन मांडीवर घेऊन बसलेलीच होती. शेवटी ती बाई म्हणाली, "माय, लेकाचा फोन यीना झालाय. तुमच्या पोराचा यायचा का वो बराबर?"

 माझी माय सरकून तिच्याजवळ बसली आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"यील. यील फोन. आला की रडत बसू नको, लाईन कटती. आधी जेवला का इचार. बाकीचं मागून."

ती बाई मान हलवत राहिली. मी आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि ते आटेपर्यंत तिथंच उभी राहिले.