खड्डा टांझानियातला, दुखणं घाटकोपरला

"सबड्युरल हिमॅटोमा," डॉक्टर म्हणाले आणि सीटी स्कॅनची फिल्म त्यांनी उजेडासमोर धरली. म्हणजे कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये साठलेलं रक्त. त्या रक्ताने आमच्या यांचा मेंदू एका बाजूला ढकलला होता. "गेल्या काही महिन्यांत डोक्याला मार लागला होता का?"

मी नाही म्हटलं. आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं. टांझानिया!

माझा धाकटा भाऊ विजू तिकडे साखर कारखान्यात इंजिनिअर. दिवाळीनंतर आम्ही नवराबायको त्याच्याकडे गेलो होतो. तिथल्या रस्त्यावर डांबर नावालाच. जावई म्हणून यांना जीपमध्ये मानाने पुढे बसवलं आणि विजूने गाडी सुसाट सोडली. एका खड्ड्यात ती अशी आदळली, की यांचं डोकं वरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. रक्त नाही, खोक नाही.

"भावोजी, लागलं का हो?" विजू घाबरला होता.

"छे रे, चालव तू."

वर आम्ही हसलोसुद्धा.

घाटकोपरला परतल्यावर काही आठवडे सगळं ठीक होतं. मग डोकं दुखायला लागलं. बाम चोळून झाला. मग हे गप्प गप्प राहायला लागले, जेवता जेवता पेंगायला लागले. विजूचं पत्र आलं तर उघडलंही नाही. मुलुंडहून माझी आई आली, तिने यांच्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, "जावई रुसलेत गं. विजू काहीतरी बोलला असणार." मलाही ते पटलं. आम्ही दोघी श्रीखंड करून यांची समजूत काढत बसलो आणि आत रक्त साठत होतं.

एका सकाळी बाजारात यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटली. यांना कळलंच नाही. तसेच अनवाणी पाय ओढत पुढे चालले. मी यांना तशीच दवाखान्यात घेऊन गेले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि टॅक्सी करून तडक मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

"आजच ऑपरेशन करू. थांबलो तर काही सांगता येणार नाही." स्कॅनची फिल्म खाली ठेवत हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. बर होल, म्हणजे कवटीला लहानशी भोकं पाडून रक्त काढायचं. मी सही केली आणि बाहेरच्या बाकावर बसले. देवाचं नावही सुचेना. हे वाचले, पण मला ओळखलंच नाही तर? मरणापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा मार लागला, परदेशात असो की आपल्या कांजूरच्या रस्त्यावर, तर रक्त आलं नाही म्हणून तो विसरू नका. पुढे कधीही डोकं दुखलं, झोप वाढली, पाय ओढला, तर डॉक्टरांना तो मार आधी सांगा.

ऑपरेशन पार पडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यांना नाव विचारलं. सांगितलं. राहता कुठे? तेही सांगितलं. मग माझ्याकडे बोट केलं. "यांचं नाव काय?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग नर्सकडे, मग छताकडे. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. गेलं सगळं, मला वाटलं. आणि तेव्हा यांचे कान लाल झालेले दिसले. लग्नापासून यांनी चारचौघांत कधी माझं नाव घेतलेलं नाही.

"डॉक्टर, तुम्ही दोघं जरा तिकडे तोंड करता का?" यांनी विचारलं.

डॉक्टर हसत वळले, नर्सही वळली.

"सुमन," हे पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," मी रडत म्हटलं. "परत घ्या."