पोरीच्या गळ्यातली आई

मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून परवा मोहाचा वास आत आला. पहाटे गळालेली फुलं वेचून कुणीतरी अंगणात वाळत घातली असावीत. गोड, जडसर, किंचित आंबलेला वास. एकदा नाकात शिरला की दिवसभर निघत नाही. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. मी खिडकी पुरती उघडली, कारण या वासाबरोबर मला नेहमी एक आवाज ऐकू येतो. मी कधीच न पाहिलेल्या एका बाईचा.

डोळखांबच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक शाळा आहे, तिथं काही वर्षांपूर्वी मी जात असे. ज्या मुलांचं बोलणं चारचौघांसारखं येत नाही त्यांच्यापाशी बसायचं, आणि त्यांचं बोलणं कसं ऐकावं हे त्यांच्या शिक्षकांना दाखवायचं, हे माझं काम. त्या मुलांना आपल्यासारखं करून सोडायचं हा त्या कामाचा हेतूच नाही, हे मात्र दर शाळेत नव्यानं सांगावं लागे. या शाळेच्या अंगणात मोहाचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी एक सहा-सात वर्षांची मुलगी एकटीच बसलेली असायची. तिच्या वर्गाच्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "हिचं बोलणं तेवढं बंद करता येईल का हो?"

लोक माझ्याकडे येतात ते मूल बोलतं करा म्हणून. गप्प करा म्हणणारं कुणी मला तोवर भेटलं नव्हतं.

मी मुलीजवळ गेले. वर न बघताच ती म्हणाली, "हात भाजंल, लांब बस गो." गळा लहान मुलीचा होता, पण त्यातून आलेलं बोलणं चुलीच्या धुरानं घोगऱ्या झालेल्या, दमलेल्या एका बाईचं होतं. वाक्याच्या शेवटी एक उसासा होता, तोही त्या वयाचा नव्हता. "ही हिची आई," बाई म्हणाल्या. "गेल्या साली वीटभट्टीवर गेले होते सगळे, तिथंच तापानं गेली. वर्गातली पोरं हिच्याच पाड्यातली. त्यांनी हिच्या आईला बोलताना ऐकलेलं आहे. हिच्या अंगात आई येते म्हणतात आणि घाबरून घरी पळतात."

अंगात काही येत नव्हतं. काही मुलं भाषा एकेक शब्दानं वेचत नाहीत. सबंध वाक्य, त्याच्या सुरासकट, उसाशासकट उचलतात. आणि ते ऐकताना मनात जे दाटलं होतं ते पुन्हा दाटून आलं, की तेच वाक्य बोलतात. या मुलीनं सगळ्यात जवळून ऐकली होती ती आई. तिची सगळी भाषाच आईची होती. पण कुठलं वाक्य कुठून आलं हे घरचं माणूसच सांगू शकणार, म्हणून मी तिच्या वडलांना बोलावलं. भातशेती आणि मजुरी करणारा, अंगानं सडसडीत, कमी बोलणारा माणूस. पायरीवर टेकत तो म्हणाला, "ही पोर चुलीपाशी सरकली का तिची आय तसा म्हनायची."

म्हणजे "हात भाजंल" याचा अर्थ होता, मला भीती वाटते, जवळ येऊ नका. "भूक लागली का गो बाय?" म्हणजे तिलाच भूक लागलेली असे. बाईंना मी एवढंच सांगितलं, तिला अडवू नका, उत्तर द्या. त्यांना ते लगेच पटलं नाही. पण एकदा वर्गात गलका वाढला, मुलगी कानांवर हात दाबून "हात भाजंल!" म्हणून ओरडू लागली, तेव्हा त्यांनी मुलांना मागं सारलं, तिला ओट्यावर नेलं आणि आपण दूर जाऊन बसल्या. हळूहळू ती शांत झाली. बाई वर्गात परतल्या आणि म्हणाल्या, "ती आपल्याशी बोलते रे. भूतबीत काय नाय."

त्या भेटीत जाता जाता वडलांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, जरा लाजत. "सांजला मी घरी आलो का दारात म्हनते, 'कवा आलास रे?' अगदी तिच्यासारखी."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"आताच आलो, म्हनतो." तो डोंगराकडे बघत राहिला. "दुसरा काय म्हनू?"

पुढच्या महिन्यांत ती वाक्यं सुटी होऊ लागली. आधी नुसतंच "लांब बस." मग "बाई, लांब बस." आणि एक दिवस, पातळ, जराशा सपाट अशा स्वतःच्या आवाजात, "मला गलका नको." आमच्या कामात यापरता आनंद नाही. बाईंनी सगळ्या वर्गाला गूळ-शेंगदाणे वाटले.

भातकापणीच्या सुमारास वडील आपण होऊन आले आणि पायरीवर बसले. "ताई, ती आता बोलत नाय."

"बोलते की! उलट किती तरी जास्त बोलते."

"पोर नाय वो," तो म्हणाला. "ती."

तो पुढं म्हणाला, "पोर म्हनते, 'बाबा आला.' बरा हाय, मला कलते. पन तुमी तिला एकदा म्हनाया सांगा ना, कवा आलास रे. तुमचा ऐकंल ती. एकदाच."

मला ते करता आलं असतं. वाक्य कसं सुचवायचं, किती थांबायचं, सगळं मला येत होतं. पण त्या पोरीनं मोठ्या कष्टानं स्वतःचा आवाज मिळवला होता, आणि तो बाजूला ठेवून दुसऱ्याचा काढून दाखव असं मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार? मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं कळल्यासारखी डोलावली, मरणाचा निरोप दुसऱ्यांदा ऐकावा तशी. त्याला हुंदका फुटला, तेवढ्यात मुलगी वर्गातून आली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. "बाबा, पायाला चिखल लागलाय. रडतोस कशाला? घरी चल." तो उठला आणि तिच्या मागोमाग बांधावरून निघाला. दोघं वळणाआड होईपर्यंत मी बघत होते. ती सारखी काहीतरी बोलत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता.

मी बरोबर वागले असं मला आजही वाटतं. तरीही शिक्षकांना ही हकीकत सांगताना मी गूळ-शेंगदाण्यांपाशी थांबते. पुढचं सांगायला जीभ वळत नाही. आपण सगळेच कुणाच्या तरी वाक्यांचे तुकडे करून बोलायला शिकलो. आईची वाक्यं मोडत जातात आणि त्यातून आपली उभी राहतात. फक्त बहुतेक घरांत हे इतकं सावकाश घडतं, की दारात उभं राहून ती वाक्यं जाताना ऐकण्याची पाळी कुणावर येत नाही.