फ्लेक्सवरचा माझा फोटो
नव्या फ्लेक्सचा तो रॉकेलसारखा उग्र वास आला की मला शिवाजी पेठेतली एक दुपार आठवते. गल्लीतल्या भाईच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागला होता आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळीत, गॉगल घातलेला, माझा फोटो होता. मी तेव्हा आठवीत होतो आणि छाती फुगवून त्याच्याखालीच उभा होतो. मला भाईच्या नादातून सोडवा म्हणून आई सकाळीच बालकल्याणच्या ऑफिसात जाऊन आली होती. तिथले साहेब म्हणाले होते, "मुलानं अजून काही गुन्हा केला नाही ना? मग केल्यावर या." आई शिवणकाम करायची. तिनं कापड कापायची मोठी कात्री घेतली, मांडववाल्याची शिडी लावली आणि भर चौकात वर चढली. कट्ट्यावरून भाई हसत ओरडला, "मावशी, काय करालाय?" "माझ्या पोराला घरला घिऊन चाललोय," आई म्हणाली, आणि माझं तोंड गोल कापून, कमरेला खोचून खाली उतरली. कट्ट्यावर कुणी हसलं नाही. आज चौकात पुन्हा तोच वास आहे आणि खालच्या ओळीत शेजारणीचा मुलगा गॉगल घालून हसतोय. शिडी शेजारणीनं धरली आहे, कात्री आईचीच आहे, आणि मी वर चढतोय.