हिराबाईंचा ठिय्या

हे मी आईलाही सांगितलेलं नाही, आणि वडिलांना तर नाहीच. ते पत्रकं काढायचे. आमच्या घरी पाहुण्याला पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसावं लागे, कारण खुर्च्यांवर ताजी छपाई वाळत असे. खोटं छापायचं नाही – त्या घरात एवढा एकच धर्म होता. मी तो मोडला. तुम्ही म्हणाल, थोडं वाढवून कोण लिहीत नाही? थांबा. हळूहळू सांगते.

ते पत्रक तुमच्याही हाती आलं असेल. छातीत दुखणाऱ्या एका आदिवासी बाईला नाशिकच्या दवाखान्यातून गॅसची गोळी देऊन परत पाठवत होते; तेव्हा ‘आम्ही कार्यकर्त्यांनी ठिय्या दिला आणि तपासणी करायला भाग पाडलं.’ हे वाक्य माझं. त्यावर मी टाळ्या घेतल्या आहेत.

ती बाई म्हणजे हरसूलजवळच्या एका पाड्यावरच्या हिराबाई. काटक, फटकळ. भाताच्या आवणीत, रोपं लावताना, सुना मागे पडायच्या, या पुढे. मी शहरातली, जमीनजुमला असलेल्या घरातली, पाड्यावर गेले की त्यांचा टोमणा ठरलेला – “आली का भाषणवाली? आधी भाकर खा, मंग गरिबांचं बघ.” असं मोकळं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

एका सकाळी त्या एसटीच्या थांब्यावर घामाघूम बसलेल्या दिसल्या. “छातीवर कोनी पाय देऊन उभा हाय,” म्हणाल्या. मी त्यांना नाशिकला घेऊन आले.

आमच्या पुढेच पंचवटीतले एक गृहस्थ होते, गळ्यात सोन्याची चेन. तक्रार तीच. त्यांना लगेच ईसीजीच्या खोलीत नेलं. मग आमची पाळी. डॉक्टर माझ्याच वयाचा, थकलेला. हिराबाईंकडे न बघता माझ्याशी बोलला – “डोंगरातली माणसं ही. नागली खातात, दिवसभर चढउतार. यांना कुठला हार्टचा त्रास? ॲसिडिटी आहे.”

आणि मी मान डोलावली.

घाबरून? तसं असतं तर बरं झालं असतं. मला ते पटलं होतं! आदल्या वर्षी मीच तर लिहिलं होतं – डोंगरातल्या माणसाचं काळीज पोलादी, शहरी रोग त्याला शिवत नाहीत. मी कौतुकानं लिहिलं, तो कंटाळून बोलला. हिराबाईंच्या छातीला त्या फरकाचं काय?

“मावशी, गॅस आहे. चला, दुपारची गाडी मिळेल.”

त्यांनी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. “तूच खा.” आणि भिंत धरत गेल्या त्या थेट ईसीजीच्या दारात फतकल मारून बसल्या. आत जायचं तर त्यांना ओलांडून.

“त्या चेनवाल्या दादाची पट्टी काढली. माझी बी काढा. माझी छाती काय दगडाची हाय?”

लोक जमले. माझे कान तापले. मला लाज वाटली – व्यवस्थेची नाही, हिराबाईंची. मी त्यांचा दंड धरला. “उठा मावशी, तमाशा नको.”

त्यांच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता, श्वास पुरत नव्हता, तरी हातातली दाराची चौकट सुटली नाही. “तुमी झेंडे घेऊन रोज करता. मला एक दिस करू दे.”

मी पुन्हा ओढलं. हो – पुन्हा.

शेवटी एक सिस्टर वैतागून म्हणाली, “घ्या हो यांना आत.” ईसीजीची पट्टी निघाली आणि खोलीतली बडबड थांबली. डॉक्टर धावत आला. संध्याकाळपर्यंत हिराबाईंच्या हृदयात स्टेंट बसला होता. गाडीत बसवलं असतं तर वाटेतच गेल्या असत्या, हे त्यानंच मला सांगितलं – मान खाली घालून. त्यानं निदान मान खाली घातली. मी घरी येऊन पत्रक लिहिलं.

हिराबाईंना अक्षरओळख नाही. पत्रक त्यांना मीच वाचून दाखवलं आणि ते एक वाक्य गाळलं. म्हणजे मला कळत होतं ना, काय केलंय ते? त्या ऐकून हसल्या, “ब्येस लिवलंय” म्हणाल्या. आजही हरसूलच्या बाजारात कोणी विचारलं, की सांगतात – “पोरगी होती संगती, म्हून वाचले.” मी शेजारी उभी असते.

त्या वाक्याची दुरुस्ती अशी:

ठिय्या एकट्या हिराबाईंनी दिला. कार्यकर्ती त्यांचा दंड धरून त्यांना दारातून ओढत होती.