विहिरीत सोडलेला कान

आमच्या घरात समुद्र शिरला तो दिवाळीच्या सुट्टीत. माही बायको मंजुश्री जानेफळजवळच्या एका शाळेत मास्तरीण आहे. तिनं शिक्षकांसाठी असलेलं कुठलंसं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. विषय काय, तर समुद्राचं विज्ञान! मी म्हटलं, "मंजू, तुह्या पोराईनं नाल्याचा पूर धड पाह्यला नाही, अन् तू त्याईले देवमासा दाखवणार?"

"तुम्ही गप आपल्या मोटारी बांधा," ती म्हणे.

मी प्रेमानंद. पाण्यातल्या मोटारी जळल्या की त्याईची तार नवी भरून देतो. ओट्यावरच दुकान आहे, त्यामुळे तिचा वर्ग मले फुकटात ऐकू ये. मोबाइलच्या पडद्यावर कोकणातले गुरुजी बसत, मागं नारळाची झाडं. आमच्या बाईच्या मागं सोयाबीनची पोती. तिनं जिल्ह्याचं नाव सांगितलं तर एक जण फिस्सकन हसला. मले असा राग आला! ती मात्र सरळ म्हणे, "आमच्याकडे समुद्र नाही, पण पाणी आहे." हिचा स्वभावच तसा. जन्मात समुद्र पाह्यला नाही, शाळेची सहल नेली तीही लोणारपर्यंत. पण एखादी गोष्ट धरली की सोडणार नाही, मग घरात भाजी जळो की दूध उतू जावो.

जेवताना ती आम्हाले शिकवे. म्हणे, समुद्रात खाली उजेड पोचत नाही, तिथं डोळ्यांचं काही चालत नाही, सगळं कानानं पाहा लागते. पाण्यात आवाज हवेपेक्षा कितीतरी जोरात पळते अन् लांब जाते. पण तो कोणत्या बाजूनं आला हे माणसाच्या कानाले पाण्यात कळत नाही. एक दिवस तिनं देवमाशाचा आवाज लावला. माहे बाबा, पंजाबराव, घास हातात धरून ऐकत राह्यले.

"कोणीतरी बोलावून राह्यलं," ते म्हणाले.

बाबांचं डोकं अलीकडं ठिकाणावर राहत नव्हतं. मधूनच विचारत, "अन्नपूर्णा कुठं गेली?" अन्नपूर्णा म्हणजे माही माय. ती जाऊन कितीक वर्षं झाली. नाल्यापलीकडच्या जुन्या विहिरीवर पाणी काढताना तिचा पाय सरकला. आमच्याकडे विहिरीत माणूस गेलं की ती विहीर सोडून देतात. मीच चेन लावून तिच्यातली मोटार अन् लोखंडी पाईप वर ओढला. पायऱ्यांच्या तोंडावर बाभळीचे काटे टाकले. आम्ही भुताखेताले मानत नाही, विहारात जाणारी माणसं आहोत. तरी तिकडं पुन्हा कोणाचा पाय वळला नाही, बाबांनी तर त्या अंगाले पाहणंही सोडलं. अल्याड नवी विहीर खणली. तिले पाणी कमी पडलं तेव्हा तळातून आडवं बोअर मारलं, अन् पाणी आलं ते जुन्या विहिरीच्या अंगानंच. ते पाणी पिकाले देतो. त्याच्यावर बोलत कोणी नाही.

प्रशिक्षणात मंजूले काम दिलं: जवळच्या पाण्याचा आवाज टिपून पाठवा. मग काय, लागली माह्या मागं. मी एका बिघडलेल्या भोंग्यातली, आवाजाची थरथर पकडणारी पितळी चकती काढली, तिले तार जोडली, अन् मोटारीच्या वायरीचा जोड पाणबंद करतो तशी रबराच्या पट्टीनं घट्ट गुंडाळली. मोबाइलले जोडून हौदात सोडली तर नळाचा थेंबही धडाड वाजे. मंजू खूश. बाबांनी चकती हातात घेऊन पाह्यली अन् परत दिली.

त्याच संध्याकाळी बाबा घरातून गेले.

अंगात सदरा, पायात काही नाही. बसस्टँड, विहार, मेहकरचा दवाखाना, डोणगावची आत्या, सगळं पालथं घातलं. गावातल्या अन् शेतातल्या विहिरी वाकून वाकून पाह्यल्या. जुन्या विहिरीचं नाव कोणी काढलं नाही, मीही नाही. ती आमच्या हिशोबातच नव्हती. दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. बाप सापडते का नाही, जिवंत सापडते का नाही, डोक्यात तेवढंच फिरत होतं.

नव्या विहिरीवर आलो तर मंजू कठड्याले टेकून बसलेली. तार पाण्यात सोडलेली, हेडफोन कानात. माह्या अंगाची आग झाली.

"लाज नाही वाटत तुले? माह्या बापाचा पत्ता नाही अन् तू समुद्र-समुद्र खेळून राह्यली!"

तिनं वर पाह्यलं. चेहरा पांढराफटक. "पाणी हिरवं आहे, तळ दिसत नाही. दिसत नाही ते ऐकू येईल म्हणून सोडली हो," ती म्हणे. "खाली कोणीतरी ठोकून राह्यलं. इथं नाही. पण कुठून ते कळत नाही."

मी हेडफोन ओढून कानाले लावला. आधी नुसती घरघर. मग टण्, टण्. थांबलं. मग एक टण्.

मी हेडफोन कानावर दाबून धरला. तो ठोका मले पाठ होता. माय शेतात भाकर घेऊन ये, तेव्हा बाबा पार तिकडच्या धुऱ्यावर, शेवटच्या बांधाशी असत. हाक पोचत नसे. मग ती दगड घेऊन विहिरीतल्या मोटारीच्या पाईपावर ठोके. दोनदा, मग थांबून एकदा. भाकर आली, या. तो आवाज ऐकला की मी गोट्या टाकून पळत सुटे.

"जुनी विहीर," मी म्हटलं, अन् पळालो.

काटे बाजूले सारलेले होते. खाली, शेवटच्या पायरीवर, कमरेइतक्या पाण्यात बाबा बसलेले. जिवंत! एक हात मोडून लोंबत होता, दुसऱ्या हातानं उंबराची मुळी आवळून धरलेली. मी लहान पोरासारखा रडत खाली उतरलो. मंजूनं आरडाओरडा करून माणसं जमवली, वरून दोर आला.

"किती उशीर केला रे प्रेमा," बाबा म्हणाले. "भाकर थंडी झाली असन."

"बाबा, तुम्ही इथं काऊन आले?"

"काऊन म्हणजे? तुही माय कालपासून ठोकून राह्यली. तुले ऐकू आलं नाही का?"

मी भिंतीकडं पाह्यलं. पाईप जिथं होता तिथं नुसते गंजाचे डाग. तो पाईप आज आमच्या गोठ्यात आडवा आहे, त्याले म्हैस बांधतो. अख्ख्या विहिरीत लोखंडाचा तुकडा नव्हता. बाबांच्या मुठीतून मुळी सोडवाले दोन माणसं लागली, तर त्याईनं ठोकलं कशानं?

मंजू म्हणे, दगड निखळून पडत असतील. म्हणो बापडी. मी जन्मभर पाईप ठोकत आलो, दगड कोणता अन् लोखंड कोणतं मले कळते. तिलेही कळते. प्रशिक्षणाले तिनं हौदातल्या नळाचा आवाज पाठवला. विहिरीतला तिच्या मोबाइलात आहे. मी पुसून टाक म्हणतो, ती पुसत नाही, अन् ऐकतही नाही. शाळेत पोरं आता बादलीत ती चकती सोडतात अन् समुद्र-समुद्र करत ओरडतात. तिचं कौतुक झालं, मले लय आनंद वाटला. तिच्यामुळे माहा बाप वाचला, हे मी सगळ्याईले सांगतो.

दुसरी गोष्ट सांगत नाही. तो ठोका आम्हाले बाबांकडं घेऊन गेला, हे खरं. पण बाबा विहिरीत गेले तेही त्याच ठोक्यापायी. माय, तू त्याईले वाचवाले बोलावत होती, का न्याले?

बाबांचा हात जुळला आहे. दुपारी जेवाले बसले की मधेच घास थांबवतात अन् मान नाल्याकडं वळवतात. म्हणून त्या वेळेले मी दुकानातली एखादी मोटार मुद्दाम चालू ठेवतो. ती खडखडत राह्यली की घरात दुसरं काही ऐकू येत नाही, त्याईलेही अन् मलेही.